उशिराच्या बापाचं मन

'मनाचं ऐक' हा सल्ला गेल्या चार वर्षांत मला जितक्या वेळा मिळाला, तितका दुसरा कुठलाही मिळालेला नाही. मुलगी झाली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. तिला पाहायला आलेले लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहायचे, मग पाळण्याकडे, आणि मग सावरून म्हणायचे की काळजी करू नका, वेळ आली की आपोआप कळतं, आपल्या मनाचं ऐकायचं. हेच सांगणाऱ्यांपैकी निम्म्या जणांनी उठता उठता गुटी कशी उगाळायची, टाळू कशी भरायची आणि बाळाच्या कानात तेल घालायचं की नाही, याबद्दलची आपापली मतंही देऊन ठेवली. भरपूर सल्ले देऊन वर मनाचं ऐकायला सांगायचं, ही रीत जुनीच आहे. बेंजामिन स्पॉक या अमेरिकी डॉक्टरांचं बालसंगोपनावरचं जगप्रसिद्ध पुस्तक १९४६ साली आलं. ते आईबापांना स्वतःवर विश्वास ठेवायला सांगून सुरू होतं आणि पुढे शेकडो पानं काय करावं, काय करू नये ते सांगत राहतं.

सल्ल्याचा मला राग नाही. अडचण एवढीच की ज्याचं ऐकायचं ते मन एकच गोष्ट सांगत नाही. रात्री तिच्या श्वासाची लय बदलली की मला जाग येते, आणि जाग येईपर्यंत हात तिच्या कपाळावर गेलेलाही असतो. हे एक मन. बागेत घसरगुंडीच्या शिडीवर एखादं मोठं पोरगं तिच्या मागे उभं राहिलं की त्याच्याविषयी एकदम जो संशय येतो, तेही मनच. दोन्ही सारख्याच खात्रीनं बोलतात आणि दोन्हींना आपण 'बापाचं काळीज' असं एकच नाव देऊन मोकळे होतो. उशिरा बाप झालेल्याचं हे दुसरं मन जरा जास्तच बोलकं असतं, कारण त्याच्यापाशी एक हिशेब कायम मांडलेला असतो. ती अठराची होईल तेव्हा मी पासष्टचा असेन. पंचविशीत बाप झालेल्या माझ्या मित्रांनी अशी आकडेमोड कधी केल्याचं मला आठवत नाही.

ही दोन मनं वेगळी करून दाखवणाऱ्या दोन कादंबऱ्या मी या चार वर्षांत पुन्हा वाचल्या. जॉर्ज इलियटची 'सायलस मार्नर' १८६१ची आणि मेरिलिन रॉबिन्सनची 'गिलियड' २००४ची. दोन्ही ज्याच्या नशिबी मूल नाही असं ठरून गेलेल्या माणसाच्या आहेत. पहिलीबद्दल सहसा 'गोड गोष्ट' म्हणून बोललं जातं, दुसरीबद्दल 'चिंतन' म्हणून. मला दोन्हींत एक फार व्यावहारिक प्रश्न दिसतो: बापाच्या मनातलं नेमकं काय भरवशाचं?

परदेशी पुस्तकांकडे जाण्याआधी घरातलं थोडं. आपल्याकडे साहित्यात बाप कमी नाहीत, पण बाप बहुधा मुलाच्या नजरेतून दिसतो, आणि तोही मुलगा कळता झाल्यावर. 'कोसला'तले वडील आपल्याला पांडुरंग सांगवीकरच्या तोंडून कळतात. 'आमचा बाप आन् आम्ही'च्या नावात बाप आधी येतो, तरी लेखणी मुलाच्या हातात आहे. 'नटसम्राट'मध्ये बाप स्वतः बोलतो आणि काय बोलतो, पण तोवर त्याची मुलं आपापल्या संसाराला लागलेली आहेत. 'श्यामची आई'बद्दल तर नावच पुरेसं आहे. माया करणाऱ्या पुरुषासाठी शब्द हवा झाला की मराठी भाषा सरळ आईकडे जाते. विठोबा कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष देव, पण मायेचा झाला की विठू माउली. ज्ञानेश्वरही माउलीच. वात्सल्य हा शब्द वत्सावरून, म्हणजे गाय-वासरावरून आलेला. त्यामुळे तान्ह्या मुलापाशी एकटा बसलेला बाप स्वतःच्या मनाचं ऐकायला लागला, तर त्या मनाला म्हणायचं काय इथपासून तयारी आहे.

इलियटच्या विणकरालाही असा शब्द कुणी दिलेला नाही. सायलस मार्नर लँटर्न यार्ड नावाच्या एका लहानशा कडव्या पंथात वाढला. जिवलग मित्रानं चोरीचा आळ घातला, पंथानं चिठ्ठ्या टाकून न्याय केला, आणि चिठ्ठी याच्या विरुद्ध निघाली. देव आणि मित्र दोन्ही एका दिवसात गेले. तिथून उठून तो रॅव्हलो नावाच्या खेड्यात आला आणि पंधरा वर्षं मागावर बसून राहिला. मिळालेली नाणी रात्री मोजायची, परत फरशीखाली ठेवायची. कादंबरी सांगते की चाळिशीही झालेली नसताना गावातली पोरं त्याला म्हातारा म्हणायची. वय आकड्यांत मोजून उपयोग नसतो, हे इलियटला पक्कं ठाऊक होतं. ज्यानं कुणाकडून काही अपेक्षा ठेवायचंच सोडून दिलं आहे, त्याला मूल होणं उशिराचंच.

नाणी चोरीला जातात. वर्ष संपताना बर्फातून येणारी, अफूच्या नशेतली एक बाई त्याच्या झोपडीबाहेर मरते, आणि तिचं रांगतं-चालतं मूल उजेडाच्या दिशेनं आत येऊन शेगडीपुढे झोपतं. सायलसला मधूनच अंग ताठ होऊन शुद्ध हरपण्याचा विकार आहे. दार उघडं राहिलं ते त्यामुळे. भानावर आल्यावर त्या आंधळसर डोळ्यांना शेगडीपुढे काहीतरी सोनेरी दिसतं. त्याला वाटतं, आपली नाणी परत आली. हात पुढे करतो तर बोटांना मऊ केस लागतात.

हा प्रसंग जगभर गाजला तो सोन्याच्या जागी केस या योजनेमुळे. माझं लक्ष या खेपेला पुढच्या दीड-दोन पानांवर गेलं. मूल रडतं. सायलस ते उचलतो. उरलेली लापशी गरम करतो, तीत साखर घालतो, भरवतो. मूल पाय ओढायला लागतं, तेव्हा जरा वेळानं त्याच्या ध्यानात येतं की बूट भिजलेले आहेत, ते काढतो. कुठेही उमाळा नाही. एकेक गोष्ट हातांना सुचत जाते आणि मनाला ती नंतर कळते. इलियटनं एक बारीक धागाही ठेवला आहे. सायलसची एक लहान बहीण होती, तिला तो लहानपणी कडेवर घेऊन हिंडला होता, आणि ती लहानपणीच गेली. म्हणजे या हातांना मूल अगदीच नवं नाही. पंचवीस-तीस वर्षं न वापरलेलं काहीतरी तिथे आहे. ज्याला आपण उपजत म्हणतो, ते इलियटच्या हिशेबी बरंचसं आठवलेलं असतं.

मग 'हे मूल बायकांच्या स्वाधीन कर' म्हणणाऱ्यांना तो नकार देतो. नकाराचं कारण त्याला सांगता येत नाही. शेजारची डॉली विन्थ्रॉप आपल्या मुलाचे लहान झालेले कपडे घेऊन येते, अंघोळ कशी घालायची दाखवते. सायलस तिला म्हणतो की सगळं मला करू दे, नाहीतर मूल दुसऱ्या कुणाला लळा लावेल, मी शिकेन. या वाक्यावर मी थांबलो. यात माया आहे आणि उघड मत्सरही आहे. दोन्ही मनं एकाच श्वासात बोलतात. इलियट त्याला रागावत नाही, कारण त्या वाक्याच्या शेवटी 'शिकेन' आहे, आणि तो खरंच शिकतो. मुलीला तो आपल्या आईचं आणि त्या बहिणीचं नाव देतो, लाडानं एपी.

एपी तीन वर्षांची होते तेव्हा शिक्षेचा प्रश्न येतो. डॉलीच्या मते दोनच मार्ग: एक चापटी, नाहीतर चुलीशेजारच्या कोळशाच्या अंधाऱ्या कोठीत कोंडणं. सायलस माग चालवताना एपीला लिननच्या लांब पट्टीनं मागाला बांधून ठेवत असतो. एकदा कात्री खाली राहते. एपी पट्टी कापते आणि उघड्या दारातून निघून जाते. तो वेड्यासारखा शोधत फिरतो आणि ती सापडते एका डबक्याकाठी. पायातला बूट काढून त्यात पाणी भरून ती ते गुराच्या खुराच्या खळग्यात ओतते आहे आणि एक वासरू तिच्याकडे बघत उभं आहे. सायलस तिला उचलून रडत रडत मुके घेतो. घरी येईपर्यंत त्याला आठवतं की आता शिक्षा करायला हवी. कोळशाच्या कोठीत तो तिला क्षणभर ठेवतो, ती ओरडते, तो बाहेर काढतो, धुऊनपुसून स्वच्छ कपडे घालतो, आणि आता धडा मिळाला असं समजून पाठ वळवतो. परत बघतो तर एपी आपणहून कोठीत जाऊन बसलेली, तोंड काळं, खूश.

त्या दिवसानंतर तो शिक्षेचा नाद सोडतो. गोड प्रसंग म्हणून हा सगळीकडे सांगितला जातो, पण त्यातली तर्कशुद्धता कुणी फारशी पाहत नाही. सायलसनं तज्ज्ञाचा सल्ला अव्हेरला नाही. आधी तो करून पाहिला. मग मुलीकडे पाहिलं. तिनं दिलेलं उत्तर मानलं. त्याचं मन बरोबर ठरतं ते मऊ असल्यामुळे नव्हे. ते दिवसातून दहादा मुलीकडून तपासून घेतलं जातं म्हणून. विणकराला सूत कुठे ताणलं आहे हे बोटांना कळतं, ते काही त्याला जन्मतः मिळालेलं नसतं. पण वीस वर्षांनी त्याला विचारलं तर तो म्हणेल, आपोआप कळतं.

विज्ञानातही या बाजूनं बोलणारं काही आहे. फिलिपिन्समधल्या सेबू भागातल्या पुरुषांचा एक दीर्घ अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बाप झालेल्यांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं होतं, आणि रोज तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ मुलांचं करणाऱ्यांमध्ये ते सर्वांत कमी होतं. मूल होणं आणि मुलाचं करणं या दोन वेगळ्या गोष्टी असल्याची नोंद शरीरही ठेवतं, असं त्यावरून वाटतं. इलियटनं हे दीडशे वर्षं आधी एका खलपुरुषाशिवाय दाखवलं होतं. एपीचा जन्मदाता गॉडफ्री कास हा गावच्या जमीनदाराचा मुलगा. दुष्ट नाही, फक्त भित्रा. त्या बर्फाच्या रात्री मूल ओळखूनही तो गप्प राहतो. सोळा वर्षांनी, चाळिशी ओलांडल्यावर, घरात मूल नाही म्हणून 'माझा रक्ताचा हक्क' घेऊन तो सायलसच्या दारात येतो. कादंबरीतला वयानं खरा उशिराचा बाप तो आहे. त्याची बापाची भावना खोटी नाही, पण तिला एकही दिवस कामाला लावलेलं नाही.

आता दुसऱ्या मनाकडे यायचं, तर मधला पूल आपल्याच घरात आहे. राजा दशरथ हा आपल्याला ठाऊक असलेला सर्वांत प्रसिद्ध उशिराचा बाप, पण आपण त्याला तसं क्वचितच वाचतो. आपल्याला तो कैकेयीच्या वरांत अडकलेला राजा म्हणून आठवतो. वाल्मीकींच्या बालकांडात विश्वामित्र यज्ञरक्षणासाठी रामाला मागायला येतात, तेव्हा दशरथाची शुद्ध जाते. मग तो म्हणतो, हा अजून सोळाचाही नाही. सैन्य घेऊन मीच येतो. माझं वय साठ हजार वर्षांचं, हा मला कष्टानं झाला आहे. आकडा पुराणाचा आहे, पण बोलणं कुठल्याही नर्सरीच्या फाटकाशी ऐकू येईल असं आहे. शेवटी वसिष्ठांना मध्ये पडावं लागतं.

अयोध्याकांडात हेच मन जास्त गुंतागुंतीचं होतं. दशरथाला वाईट स्वप्नं पडायला लागली आहेत, आपले दिवस थोडे उरले असं त्याला वाटतं, आणि रामाचा अभिषेक त्याला उद्याच उरकायचा आहे. भरत आजोळी आहे तोवर झालं तर बरं, असं तो रामाला एकांतात सांगतो. भरत सज्जन आहे, थोरल्या भावाच्या शब्दात आहे, पण माणसाचं मन बदलतं. किती साधं, किती समंजस वाटणारं वाक्य! आणि किती चुकीचं. ज्याच्यावर संशय घेतला तोच पुढे पादुका डोक्यावर घेऊन परत येतो. संकट येतं ते ज्या दालनाकडे दशरथाचं लक्षही नव्हतं तिथून, आणि येतं तेही या घाईमुळेच. मृत्यू जवळ आल्याच्या धास्तीनं बाप पहारेकरी होतो, आणि हा पहारेकरी हमखास चुकीच्या दारावर उभा राहतो.

'गिलियड' ही मला याच अनुभवाची कादंबरी वाटते. १९५६ साल, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं गिलियड हे लहान गाव. जॉन एम्स हा शहात्तर वर्षांचा पाद्री, हृदय निकामी होत चाललेलं. पहिली बायको आणि तान्ही मुलगी फार वर्षांपूर्वी बाळंतपणात गेल्या. सदुसष्टाव्या वर्षी त्यानं लायला या, वयानं बऱ्याच लहान असलेल्या बाईशी लग्न केलं. मुलगा आता सातच्या घरात आहे. तो मोठा होईल तेव्हा आपण नसणार, म्हणून एम्स त्याला एक लांबलचक पत्र लिहितो आहे. ते पत्र म्हणजे ही कादंबरी. २००५ साली तिला पुलित्झर मिळालं, आणि तेव्हापासून तिच्यातल्या प्रकाशाविषयी, कृतज्ञतेविषयी, संथ लयीविषयी खूप लिहिलं गेलं आहे. ते सगळं तिच्यात आहे. खिडकीतून तो बायको-मुलाला मांजरापुढे साबणाचे फुगे उडवताना पाहतो, ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

पण पुस्तकाच्या मध्यावर जॅक येतो आणि पत्राचा सूर बिघडतो. जॅक हा एम्सच्या जिवलग मित्राचा, म्हाताऱ्या बॉटनचा मुलगा. त्याला एम्सचंच नाव दिलेलं आहे, बाप्तिस्मा एम्सनंच केला, आणि त्या वेळीही त्याच्या मनात मायेऐवजी एक गारठा होता, कारण स्वतःचं मूल गमावलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्याचं मूल दिलेलं होतं. जॅकनं तरुणपणी एका गरीब मुलीला फसवलं, तिला मूल झालं, यानं वळून पाहिलं नाही, आणि ते मूल लहानपणीच गेलं. ज्याच्याकडे आलेलं बापपण त्यानं फेकून दिलं, त्याच्याकडे एम्स ज्या नजरेनं पाहतो ती नजर मला ओळखीची आहे. उशिरा बाप झालेल्या माणसाला इतरांनी सहज मिळालेलं उधळलेलं पाहवत नाही.

जॅक आता चाळिशी ओलांडून गावात परतला आहे. तो एम्सच्या मुलाशी चेंडू खेळतो. म्हाताऱ्या बापाला ते जमत नाही. तो ओसरीवरून पाहतो. एका रविवारी एम्स प्रवचनाला उभा असताना समोरच्या बाकावर जॅक, लायला आणि मुलगा शेजारी शेजारी बसलेले दिसतात, आणि त्याला दिसतं की हे किती शोभून दिसणारं तरुण कुटुंब आहे. पुस्तकातली ही सर्वांत भयंकर जागा. पुढची कित्येक पानं एम्स विचार करत राहतो की आपल्यामागे हा माणूस आपल्या घरात शिरणार का, आपण लायलाला सावध करावं का. देवाधर्माच्या, कर्तव्याच्या, प्रेमाच्या भाषेत तो हे सगळं मांडतो. खोटं काहीच बोलत नाही. आपल्या मनाचं ऐकतो आहे, एवढंच.

त्या दिवसाचं प्रवचन हागार आणि इश्माएलवर आहे. अब्राहामाला शहाऐंशीव्या वर्षी दासीपासून झालेला मुलगा, ज्याला पुढे आईसकट रानात घालवून दिलं गेलं. एम्स सांगतो की कुठल्याही बापाला, विशेषतः म्हाताऱ्या बापाला, शेवटी आपलं मूल त्या ओसाड रानाच्या आणि देवाच्या हवाली करावं लागतं. सांगतो खरा. पण बाकावर बसलेल्या जॅकला ते आपल्यावर मारलेले ताशेरे वाटतात, आणि वाचणाऱ्यालाही शंका येतेच. मूल सोडून द्यायचं असतं हे सांगणारा माणूस त्याच क्षणी दोन्ही हातांनी कुंपण धरून उभा आहे.

मग जॅक आपली गोष्ट सांगतो. त्याला बायको आहे, डेला नावाची, मेम्फिसकडची कृष्णवर्णीय शिक्षिका. त्यांना एक मुलगा आहे. ते राहत होते त्या मिसुरीत त्यांचं लग्न कायद्याला मान्य नाही, तिच्या घरच्यांना तो नको आहे, आणि तो गिलियडला आला आहे ते इथे आपल्या कुटुंबाला राहता येईल का हे पाहायला. म्हणजे एम्सच्या मुलाशी चेंडू खेळणारा माणूस आपल्या लांब असलेल्या मुलाची उणीव भरून काढत होता. एम्सनं ज्याच्यात लांडगा पाहिला तो उशिरा शहाणा झालेला, घाबरलेला बाप होता. दशरथाच्या भरतासारखाच. दशरथ म्हणाला होता, माणसाचं मन बदलतं, म्हणून सावध राहावं. आधी एकदा जॅकच्या प्रश्नावर लायलाही तेच म्हणते, की माणूस बदलू शकतो. पण तिच्या तोंडी त्याला आशेचा अर्थ येतो. बोलणं एक, ते कोणतं मन बोलतं आहे यावर सगळं अवलंबून.

या कादंबरीवर माझा एक आक्षेप आहे आणि कौतुकाच्या गर्दीत तो कुणी फारसा घेत नाही. एम्सचं प्रेम बहुतेक वेळ खिडकीतलं प्रेम आहे. तो पाहतो, दिपून जातो, आशीर्वाद देतो, लिहितो. मुलाचं रोजचं करते ती लायला. तिनं केलेल्या कामावर एम्सचं चिंतन उभं आहे, आणि तिला स्वतःचं पुस्तक मिळायला २०१४ साल उजाडावं लागलं. आजारी माणसाला याबद्दल दोष देणं बरं नव्हे, हे कबूल. पण सायलसशेजारी त्याला बसवून पाहिलं की फरक लपत नाही. एपी सायलसला रोज दुरुस्त करते. डबक्याकाठी, कोळशाच्या कोठीत, ताटावर. एम्सच्या धास्तीला मुलाकडून दुरुस्ती मिळूच शकत नाही, कारण मुलाला ती माहीतच नाही. तिला दुरुस्त करायला दुसऱ्या एका बापाला यावं लागतं आणि आपली लाज उघडी करावी लागते. धास्तीवर उपाय मुलाला आणखी घट्ट धरण्यात नसावा, असं मला यावरून वाटायला लागलं आहे. ज्याच्याविषयी धास्ती वाटते त्याची गोष्ट एकदा पुरती ऐकून घेण्यात तो असावा. घसरगुंडीवरच्या त्या मोठ्या पोराचं नाव मी अलीकडे विचारतो. बहुतेक वेळा तो तिला ढकलण्यासाठी नव्हे, तर घसरायची भीती वाटते म्हणून तिच्या मागे रेंगाळत असतो.

इलियटवरही आक्षेप आहेत. एपी आजारी पडत नाही, हट्ट करून छळत नाही, आणि अडनिडी वर्षं लेखिका एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना सोळा वर्षांची उडी मारून टाळते. त्या सोळा वर्षांत काय काय झालं असेल हे जो रात्री तीन वाजता उठला आहे त्याला विचारावं. शिवाय गरीब विणकर चांगला आणि जमीनदार उणा, ही वाटणी जरा सोयीची आहे. पण शेवटच्या प्रसंगात इलियट कुठलीही सवलत घेत नाही. गॉडफ्री आणि त्याची बायको एपीला मागायला येतात. आधी हक्क सांगत नाहीत, नुसतं तिचं भलं करायचं म्हणतात. सायलस आता पंचावन्नचा आहे, केस पांढरे, पाठ वाकलेली. ज्या माणसानं 'मूल दुसऱ्या कुणाला लळा लावेल' म्हणून सगळं स्वतःच करायचा हट्ट धरला होता, तो थरथरत म्हणतो, एपी, तू बोल, मी आड येणार नाही. गॉडफ्री आपणच जन्मदाता असल्याचं सांगून हक्काची भाषा करतो तेव्हा मात्र त्याचा संताप उसळतो, सोळा वर्षांपूर्वी का नाही बोललात म्हणून. पण आधी आलं ते 'आड येणार नाही'. एम्सला जे प्रवचनात सांगता येतं आणि करता येत नाही, ते या अडाणी माणसाला करता येतं. त्याचं धाडस मोठं म्हणून तसं झालं, असं मला वाटत नाही. सोळा वर्षं या मुलीनं त्याला जी उत्तरं दिली आहेत, त्यावरून तिला विचारायला हरकत नाही एवढं त्याला ठाऊक झालं आहे.

आणि एपी उत्तर देते. ती राहते. तिचं उत्तर पुस्तकात आहे, तिच्या शब्दांत आहे.

'गिलियड'मध्ये हे होत नाही. शेवटाकडे एम्स जॅकला बसपर्यंत पोचवायला जातो, त्याच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद देतो, ज्या बाप्तिस्म्याच्या वेळी मन गार होतं त्याची जणू भरपाई करतो, आणि थोड्याच पानांनी पत्र थांबतं. रॉबिन्सन पुढे आणखी तीनदा या गावाकडे आणि या माणसांकडे वळल्या. २००८च्या 'होम'मध्ये बॉटनचं घर आलं, २०१४च्या 'लायला'मध्ये लायला, २०२०च्या 'जॅक'मध्ये जॅक आणि डेला. ज्याच्यासाठी ते सगळं पत्र लिहिलं गेलं, त्या मुलाचं पुस्तक मात्र या चारांत नाही. पत्र त्याच्या हाती पडलं तेव्हा तो किती वर्षांचा होता, जॅकची पानं वाचताना त्याला बापाचा राग आला की हसू आलं, चेंडू खेळणारा तो माणूस त्याला आठवत होता का, यातलं काहीच आपल्याला कळत नाही.